शेतात मेटल डिटेक्टर वाजला, तर?

गेल्या मे महिन्यात शिरूरकडे मामांच्या गावी गेलो होतो. घोड नदीपासून हाकेच्या अंतरावर मामांची चार एकर काळी जमीन आहे. नुकतीच ट्रॅक्टरने खोल नांगरट झाली होती आणि रानभर उशीएवढाली ढेकळं पडली होती. पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊही आला होता. येताना त्याने ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर आणला होता. परदेशातले व्हिडिओ बघून त्याच्या मनाने घेतलं होतं, की तिकडे माणसं शेतात यंत्र फिरवून रोमन नाणी काढतात, आणि आपल्याकडे तर सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंत सगळे नांदून गेले. मग आपल्या रानात काहीच नसेल का?

उन्हं कलल्यावर आम्ही रानात उतरलो. पहिल्या दोन तासांत निघालं ते असं: बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा वीतभर तुकडा, दोन गंजके बोल्ट, बैलाच्या खुराची एक पत्री, फवारणीच्या बाटलीचं झाकण, आणि गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पट्ट्या तर मोजल्याच नाहीत. मग बांधाच्या कडेला यंत्र स्वच्छ, उंच सुरात वाजलं. ढेकूळ फोडलं तर आत एक जाड, वेडावाकडा, हिरवट काळा गोळा. रुपयापेक्षा लहान, पण हाताला चांगला जड.

घरी आणल्यावर मामी म्हणाल्या, "चिंच लावून घास की, लख्ख निघेल." मी घाईघाईने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. ओल्या कापसाने वरची माती तेवढी टिपली. एका बाजूला 'छत्र', खाली दोन आडव्या रेघा, त्याखाली 'पति'तला अर्धा 'प'. शिवराई!

मामेभाऊ नाचायचाच बाकी होता. "महाराजांच्या काळातली!" मला त्याचा आनंद मोडायचा नव्हता, पण सांगावं लागलं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी तांब्याची शिवराई पाडली, हे खरं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण शिवराई त्यांच्यानंतरही पाडली जात राहिली आणि पेशवाई बुडून इंग्रज आले तरी ती लोकांच्या कनवटीला होतीच. अक्षरांच्या मध्ये दोन रेघा असलेली ही 'दुदांडी' शिवराई बरीच नंतरची. तरीही ती जुनी आहे आणि आपल्या रानात सापडली आहे. मग मामांनी विचारलं, "आता हिचं करायचं काय?" हा लेख त्या प्रश्नातून निघाला. आमच्या घरात त्याचं नीट उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पुणे जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ असणार.

यंत्राला कळतं काय?

घरात इंडक्शनची शेगडी असेल तर निम्मं काम झालं. त्या शेगडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून फार वेगाने दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो, त्यामुळे वर सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पातेल्याच्या बुडात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. शेगडीत त्या भोवऱ्यांनी पातेलं तापतं. डिटेक्टरच्या तबकडीत हेच घडतं, फक्त कितीतरी कमी ताकदीने. नेहमीच्या यंत्रांत प्रवाहाची सेकंदाला साधारण ५ ते २० हजार आवर्तनं होतात. खाली नाणं असेल तर त्यात भोवरे उठतात, भोवऱ्यांचं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तबकडीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं. आपल्याला ऐकू येतो तो सूर त्या टिपलेल्या उत्तराचा असतो.

हे उत्तर मूळ क्षेत्राच्या किंचित मागे पडून येतं. किती मागे, ते धातूवर आणि वस्तूच्या जाडीवर ठरतं. तांबं आणि चांदी यांतून वीज सहज वाहते, त्यामुळे त्यांचं उत्तर एका तऱ्हेचं. लोखंड स्वतःच चुंबकासारखं वागतं, त्याचं उत्तर वेगळं. यंत्र हा फरक मोजून पडद्यावर आकडा दाखवतं. पण हा आकडा म्हणजे अंदाज. तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि शिवराई यांना सारखाच आकडा येऊ शकतो. सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमची चंदेरी पट्टी यांतही यंत्र फसतं. पुण्याचं नाव ज्यात आलं आहे तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा तळेगावचा ताम्रपट शके ६९० चा, म्हणजे इसवी सन ७६८ चा. त्यात 'पूनक विषय' असा या भागाचा उल्लेख आहे. तो ताम्रपट आणि फुटक्या बंबाचा पत्रा, दोन्हींवरून तबकडी फिरवली तर कानाला दोघांत फारसा फरक कळणार नाही.

आता खोलीचं गणित. हे समजलं की अनेक भोंदूंचा धंदा बसेल, म्हणून जरा थांबून सांगतो. छोट्या वेटोळ्याचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठपट दुबळं. नाण्याकडून परत येणारं उत्तरही तसंच आठपट दुबळं. आठ गुणिले आठ, चौसष्ट. म्हणजे दहा सेंटिमीटरवरचं नाणं वीस सेंटिमीटरवर गेलं की त्याचा आवाज चौसष्टपट मंद होतो. म्हणून साध्या यंत्राला नाणं वीतभर खोलीपर्यंतच कळतं. मोठा हंडा असेल तर थोडं अधिक, मोठी तबकडी असेल तर आणखी थोडं. पण "शंभर मीटरवरून सोनं दाखवतो" असं सांगून दोन कांड्यांचं यंत्र लाखाला विकणारा माणूस सरळ फसवतो आहे. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे जमिनी विकल्या गेल्या, नरबळीपर्यंत गोष्टी गेल्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं घालावी लागली, ती उगाच नाही.

आपल्या मातीची आणखी एक अडचण आहे, जी त्या परदेशी व्हिडिओंत दिसत नाही. पुण्याभोवतीचा सगळा खडक बेसाल्ट, सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं आणि काळी माती याच खडकातून झालेली. त्यामुळे खाली काही नसतानाही यंत्र कुरकुरत राहतं. ते गप्प बसवण्यासाठी तबकडी जमिनीवर खालीवर करून यंत्राला त्या मातीची सवय लावावी लागते. एका शेतात लावलेली सवय शेजारच्या मुरमाड पट्ट्यात चालत नाही.

आणि भाजलेली माती! हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं. माती तापली की तिच्यातली लोहखनिजं बदलतात आणि ती जास्त चुंबकीय होते. म्हणून जुनी चूल, कुंभाराची भट्टी, भाजक्या विटांचा ढीग यांवरही यंत्र वाजू शकतं. हौशी माणूस "काहीतरी आहे" म्हणून खणत जातो, धातू निघत नाही, निराश होऊन खड्डा बुजवतो. त्याच्या हातून दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची चूल फुटलेली असते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या लोकांनी जमिनीची दोन नावं करून ठेवली आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं जिथे पिढ्यान्पिढ्या राहतात तिथे मातीच्या भिंती पडतात, पुन्हा उभ्या राहतात, राख साचते, शेण साचतं, आणि माती हळूहळू करडी पांढरट होते. गाव उठून गेलं, बेचिराख झालं, तरी पांढरीचं टेकाड उरतं. पुरातत्त्वाची मंडळी गावात येऊन आधी हेच विचारतात: इथे पांढरी कुठे आहे?

ही पांढरी माती पिकाला मानवते. म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं तिच्या गाड्या भरून काळ्या रानात खत म्हणून टाकल्या. तिच्याबरोबर खापरं गेली, मणी गेले, नाणीही गेली. तेव्हा तुमच्या काळीत नाणं सापडलं म्हणजे कुणी तिथेच पुरलं होतं असं नाही. ते गाडीतून आलेलं असू शकतं, बाजाराला जाताना कनवटीतून पडलेलं असू शकतं, ओढ्याच्या पुराने आणलेलं असू शकतं.

त्यात काळ्या मातीचा स्वभाव वेगळाच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानाला पडलेल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो हे शेतकऱ्याला सांगायला नको. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, खालची माती फुगून वर येते. शतकानुशतकं रान असं आतल्या आत ढवळत असतं, आणि वर नांगराचा फाळ. लाकडी नांगर जेमतेम वीतभर उकरायचा, ट्रॅक्टरचा पलटी नांगर त्याच्या दुप्पट खाली जातो. म्हणून काळ्या रानात "जितकं खोल तितकं जुनं" हा हिशोब नेहमी लागू पडत नाही. पांढरीच्या टेकाडात मात्र तो बराचसा पडतो, कारण तिथे एकावर एक जमिनी सारवलेल्या असतात. काळीत वीतभर खड्डा झाला तर नुकसान थोडं. पांढरीत तेवढाच खड्डा म्हणजे एखाद्या घराची जमीन गेली.

वस्तू हातात आली, जागा हातची गेली

शिरूर तालुक्यातच, याच घोड नदीवर, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० च्या सुमाराचं ते शेतकऱ्यांचं गाव. शंभराहून अधिक घरं मिळाली. जळून कोळसा झालेले सातूचे दाणे मिळाले. नदीचं पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट मिळाला. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि त्यांत पुरलेलं तान्हं मूल, अशी कितीतरी दफनं मिळाली. एका ठिकाणी चार पायांचा मातीचा मोठा रांजण मिळाला आणि त्यात बसवून पुरलेला माणूस.

यातल्या कशावर डिटेक्टर वाजला असता? भाजलेल्या चुलींवर कदाचित. बाकी धान्य, हाडं, सारवलेली जमीन, पाट यांच्यापुढे यंत्र बहिरं आहे. त्या गावात तांबं होतं, पण अगदी थोडं. कुणी आधीच यंत्र घेऊन तिथलं तांबं तेवढं उपसलं असतं, तर मूठभर तुकड्यांसाठी ती तान्ह्या मुलांची मडकी फुटली असती. आपल्याच मातीत साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं बाळ घराबाहेर न नेता उंबऱ्याच्या आत, पायाखालच्या जमिनीत ठेवलं. हे आपल्याला कळलं ते ती जमीन हळूहळू, थर राखून उघडली म्हणून.

दायमाबादची गोष्ट याच्या उलट. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार कांस्यमूर्ती सापडल्या: बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. भारतातल्या सर्वांत देखण्या प्राचीन धातुकामांपैकी हे एक. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खननही केलं. पण मूर्ती स्वतः उत्खननात मिळाल्या नव्हत्या. नेमक्या कुठल्या थरात होत्या, शेजारी कुठलं खापर होतं, याची नोंद व्हायच्या आत त्या जमिनीबाहेर आल्या होत्या. त्यामुळे त्या उत्तर हडप्पा काळातल्या की पुष्कळ नंतरच्या, यावर विद्वान अजून वाद घालतात. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही, तो सरपण काढत होता. पण एवढी मोलाची वस्तू असूनही तिचं वय तिच्याकडे बघून ठरत नाही, ते शेजारच्या मातीवरून ठरतं, हे दायमाबादने दाखवून दिलं.

शेतातला ठेवा एकत्र राहिला तर काय होतं, तेही बघा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो की सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निखालस मोडून काढला. आता शिलालेखात बढाई असू शकते. पण शत्रूच्या हजारो नाण्यांवर मारलेला ठसा म्हणजे खजिना आणि सत्ता खरोखर हातात आल्याचा पुरावा. हा पुरावा हजारो नाणी एकत्र मोजता आली म्हणून उभा राहिला. चार घरांत वाटली गेली असती, सोनाराकडे वितळली असती, तर एकेका नाण्याने एवढं सांगितलं नसतं.

डिटेक्टर वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न इथे १८७६ साली लढाई झाली. १९८३ साली तिथलं गवत वणव्यात जळून मैदान उघडं पडलं, तेव्हा पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना रांगेत चालवलं. यंत्र वाजलं की आधी झेंडी रोवायची, जागा नकाशावर घ्यायची, मगच वस्तू उचलायची. काडतुसांवर बंदुकीच्या घोड्याची खूण उमटते. त्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकत गेली हे त्यांनी काढलं. आपल्याकडे १७७९ ची वडगाव मावळची लढाई आहे, १८१७ ची खडकीची आहे. शिशाची गोल गोळी म्हणजे न झाडता पडलेली, चपटी म्हणजे कशावर तरी आदळलेली. कुठे गोल जास्त, कुठे चपट्या जास्त, यावरून फौजा कुठे उभ्या होत्या ते दिसू शकतं. पण त्याच गोळ्या कुणाच्या टेबलाच्या खणात डबीत भरल्या की त्या फक्त शिशाच्या गोट्या.

कायदा काय सांगतो

इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी घेऊन, संरक्षित जागा सोडून, हौशी लोक डिटेक्टर फिरवू शकतात. तिथे १९९६ चा खजिन्याचा कायदा आहे आणि सापडलेल्या लहानसहान वस्तू नोंदवून घेणारी देशव्यापी व्यवस्था आहे. ते व्हिडिओ त्या व्यवस्थेतले आहेत. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, आपले कायदे वेगळे आहेत.

मुख्य कायदा १८७८ चा, भारतीय निखात निधीचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने लवकरात लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपये हा आकडा त्या काळचा, पण कायद्यात तोच आहे. आणि शिवराई आज दहा रुपयांना कुठेही मिळत नाही. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात, कुणाचा हक्क आहे का ते तपासतात. कुणाचाच हक्क ठरला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर तिच्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग एवढी रक्कम द्यावी लागते. न कळवता लपवली तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याशिवाय १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांच्या आणि स्थळांच्या जागेत खणणं हा गुन्हा आहे. गडकिल्ले, लेणी, संरक्षित टेकाडं इथे यंत्र घेऊन जाऊच नये. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं किंवा मूर्ती ही पुरावस्तू. ती परदेशी पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही.

गावात सगळ्यांत मोठी भीती वेगळीच असते. "सांगितलं तर सरकार रान घेईल." या एका भीतीपायी किती नाणी सोनाराच्या मुशीत गेली असतील! निखात निधीच्या कायद्यात एक नाणं सापडलं म्हणून जमीन घेण्याची तरतूद नाही. तो सापडलेल्या वस्तूबद्दल बोलतो आणि सापडणाऱ्याचा वाटाही लिहून देतो.

तुमच्या हाती काही लागलंच, तर चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. तांब्यावरचा हिरवा कळंक खरवडला की त्याखालची अक्षरंही जातात. वस्तू होती तिथे आधी फोटो काढा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवर जागेची खूण घ्या, गट नंबर लिहा. वस्तू कोरड्या कागदात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. खापरं, हाडं, राखेचा थर दिसला तर हात थांबवा. पुण्यात राहणाऱ्याला डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जाणत्या माणसाला विचारायला लांब जावं लागत नाही.

आम्ही तसंच केलं. मामेभावाने अर्ज लिहिला, मामांनी वाचून सही केली. अर्जात जागेचं वर्णन लिहिताना मामा अडखळले. "बांधाच्या कडेला म्हणतोयस, पण ती पट्टी आमची मूळची नाही रे. तिथे खडक होता. वडलांनी ओढ्यापलीकडच्या टेकाडावरून पांढरी आणून भरली ती. दोन उन्हाळे गाड्या चालू होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं ओढा ओलांडून गेलो. निम्मं टेकाड कधीच उचललं गेलं होतं. उरलेल्या अर्ध्याची कड ऊन पडल्यावर नीट दिसली: खाली पिवळसर माती, तिच्यावर बोटभर राखेची करडी रेघ, वर सारवल्यासारखा सपाट थर, मग पुन्हा राख. मध्येच एका मडक्याचा काठ बाहेर आला होता, लालसर, कडेला काळी पट्टी असलेला. मामेभावाने खांद्यावरचं यंत्र बंद करून बाभळीला टेकवलं, खिशातून काडेपेटी काढून त्या काठाशेजारी अलगद ठेवली आणि फोटो घेतला.